बॉल जॉइंट घरी बदलताना: आधी रबर बघा, मग पाना उचला

नाशिकहून हरसूलला जाऊन आलो आणि गाडी बोलायला लागली. श्रावणातली गोष्ट. त्र्यंबकच्या पुढे रस्त्यावर पाणी साचलेलं, खड्डा किती खोल आहे ते चाक आत गेल्यावरच कळायचं. दोन दिवसांनी पाथर्डी फाट्याजवळ गतिरोधकावरून हळू उतरताना डाव्या बाजूने ‘खट्’ असा एकच सुका आवाज आला. वेगात गेलं की गप्प, हळू गेलं की पुन्हा हजर. माझी गाडी जुनी स्विफ्ट आहे. चाक उचलून खाली वाकून पाहिलं, तर लोअर आर्मच्या (चाकाला खालून गाडीशी जोडणाऱ्या लोखंडी हाताच्या) टोकाला जो बॉल जॉइंट असतो, त्याचं काळं रबर एका बाजूने उभं फाटलं होतं आणि आतून ग्रीसऐवजी तांबूस चिखल बाहेर येत होता.

बॉल जॉइंट खराब होण्याची बहुतेक कहाणी त्या फाटलेल्या रबरात असते. जॉइंट म्हणजे एका वाटीत बसवलेली गुळगुळीत पोलादी गोळी आणि तिला जोडलेली दांडी. वाटीत ग्रीस भरलेलं असतं, आणि ते आत राहावं, पाणी बाहेर राहावं म्हणून वर रबराची टोपी, जिला गॅरेजमध्ये बूट म्हणतात. बूट शाबूत असेल तर जॉइंट वर्षानुवर्षं तक्रार करत नाही. बूट फाटला की पहिल्याच पावसात पाणी आणि बारीक वाळू आत जाते, गोळीला गंज धरतो, आणि त्यानंतर प्रत्येक खड्ड्यात वाटी थोडीथोडी झिजत जाते. म्हणून किती किलोमीटर झाले याच्या हिशोबापेक्षा रबराकडे लक्ष ठेवलेलं बरं. आपल्याकडे इगतपुरी-त्र्यंबकचा पाऊस आणि शहरात जागोजागी खोदलेले रस्ते बघता पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा खाली वाकून बघायलाच हवं.

मी अंबडला टूलरूममध्ये काम करतो, त्यामुळे पान्याची भीती नव्हती. पण गाडीखालचं काम मी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्येच शिकलो, आणि ज्यांनी कधी चाकसुद्धा काढलेलं नाही त्यांच्यासाठीच हे लिहितोय. एक गोष्ट आधीच सांगतो. जॉइंट अती झिजला की गोळी वाटीतून सुटते, चाक आडवं पडतं आणि स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखं होतं. वळण घेताना किंवा खड्ड्यात आपटल्यावर असं होऊ शकतं. जॉइंटमध्ये उघड प्ले, म्हणजे सैलपणा, दिसत असेल तर ती गाडी घेऊन कसारा घाट उतरू नका. काम होईपर्यंत ती पार्किंगमध्येच राहू द्या.

आवाज नक्की कुठला?

नवखा माणूस इथेच फसतो. पुढून ‘खटखट’ आली की दुकानदार, शेजारी, मित्र सगळे वेगवेगळा पार्ट सांगतात. माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त वेळा तो आवाज बॉल जॉइंटचा नसून लिंक रॉडचा (स्टॅबिलायझर बारच्या टोकाला जोडलेल्या छोट्या दांडीचा) असतो, आणि लिंक रॉड बदलणं हे त्यामानाने अर्ध्या तासाचं, स्वस्त काम आहे. म्हणून आधी तपासणी.

दोन्ही पुढची चाकं उचलून गाडी घोडीवर घ्या (घोडी म्हणजे गाडीचं वजन पेलणारा लोखंडी स्टँड, ती कशी लावायची ते पुढे सांगतो). लिंक रॉड हाताने धरून जोरात हलवा. कटकट लागली तर दोषी सापडला. दोन्ही चाकं उचलायची ती एवढ्यासाठी, की एकच बाजू उचलली तर स्टॅबिलायझर बार (दोन्ही बाजूंना जोडणारी आडवी सळई, जी वळणावर गाडी कलू देत नाही) पिळलेला राहतो आणि लिंक रॉडमधला प्ले लपतो.

मग चाक वरून आणि खालून, म्हणजे घड्याळातल्या १२ आणि ६ वर धरून आत-बाहेर हलवा. हललं तर ते बॉल जॉइंटमुळे की व्हील बेअरिंगमुळे, हे कळायला एक सोपी युक्ती आहे. मी माझ्या मुलीला सीटवर बसवून ब्रेक दाबून धरायला सांगितला. ब्रेक दाबल्यावर हलणं थांबलं तर बेअरिंग, तरीही हलत राहिलं तर जॉइंट. ३ आणि ९ वर धरून हललं तर टाय रॉड एंडकडे (स्टिअरिंगची दांडी चाकाला जोडणाऱ्या सांध्याकडे) बघा.

शेवटची खात्री डोळ्याने करायची. लोअर आर्म आणि नकल (चाक ज्या ओतीव तुकड्यावर बसतं तो) यांच्यामध्ये लांब टॉमी (लोखंडी कांब) घालून हलकेच वर-खाली दाब द्या आणि जॉइंटवर बॅटरीचा उजेड मारा. दांडी वाटीत वर-खाली सरकताना दिसली, तर आता शंका नको. टॉमीचं टोक बुटाला लागू देऊ नका, नाहीतर चांगला जॉइंट तपासता तपासता तुम्हीच फाडाल.

ही तपासणी स्विफ्ट, वॅगनआर, आय टेनसारख्या गाड्यांसाठी आहे, ज्यांत पुढे उभा स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बर एकत्र असलेला खांब) आणि खाली एकच आर्म असतो. यांत गाडीचं वजन स्प्रिंगमधून वर स्ट्रटवर जातं. खालचा जॉइंट चाकाला फक्त जागेवर धरतो, म्हणून चाक हवेत लटकलं की त्याचा प्ले कळतो. आपल्या सातपूरच्या कारखान्यातून निघणाऱ्या बोलेरो, स्कॉर्पिओची गोष्ट वेगळी. तिथे वर-खाली दोन आर्म असतात आणि दाबलेल्या स्प्रिंगचा सगळा जोर आर्मवर असतो. तिथे आर्मला आधार न देता जॉइंट सोडवला तर आर्म बंदुकीसारखा खाली सुटतो. त्या गाड्यांचं काम पहिल्यांदा करणाऱ्याने घरी करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पुढचं सगळं एका आर्मच्या छोट्या गाड्यांबद्दल आहे.

पार्ट आणायला जाण्याआधी

जॉइंट आर्मला कसा जोडलाय ते बघून घ्या, कारण पुढचं सगळं काम त्यावर ठरतं. स्विफ्टमध्ये तो आर्मचाच भाग आहे, वेगळा निघत नाही, म्हणून पूर्ण लोअर आर्म बदलायचा. काही गाड्यांत तो दोन-तीन बोल्टवर असतो, ते सगळ्यात सोपं. काहींत कंपनीतून रिव्हेट मारलेले असतात. ते ड्रिलने काढून नव्या जॉइंटबरोबर आलेले बोल्ट लावायचे. आणि काहींत जॉइंट आर्मच्या भोकात दाबून बसवलेला असतो. हा शेवटचा प्रकार घरी हातोड्याने ठोकून बसवू नका. जॉइंट वाकडा बसतो, भोक सैल होतं आणि मग आर्मही जातो. आर्म घरी उतरवा आणि हायड्रॉलिक प्रेस असलेल्या वर्कशॉपमध्ये घेऊन जा. अंबड-सातपूर भागात अशी वर्कशॉप शोधावी लागत नाहीत. दहा मिनिटांचं काम असतं.

दुकानात गाडीचं मॉडेल, वर्ष आणि चासी नंबर सांगा. एकाच नावाच्या गाडीत दोन वर्षांच्या फरकाने आर्म बदललेला असू शकतो. डावं-उजवं सांगताना गोंधळ होतो, म्हणून ‘ड्रायव्हर साइड’ किंवा ‘क्लीनर साइड’ असंच म्हणा. या पार्टवर पैसे वाचवू नका. पक्कं बिल देणाऱ्या ओळखीच्या दुकानातून कंपनीचा किंवा नावाजलेल्या बनावटीचा पार्ट घ्या. दोन पेट्या शेजारी ठेवल्या तर बुटाच्या रबरावरूनच फरक कळतो. हलका माल कडक आणि पातळ असतो, दाबला की त्यावर पांढरट रेघ उमटते. पार्टबरोबर नवे नटही मागा. आतून प्लॅस्टिकची कडी असलेले लॉक नट एकदा काढले की त्यांची पकड कमी होते, ते परत वापरायचे नसतात.

हत्यारांमध्ये १४ ते १९ मिलिमीटरच्या सहा कोनी गोट्या (सॉकेट), त्याच मापाचे रिंग पाने, लांब टॉमी किंवा छोटी पहार, हातोडा, तारेचा ब्रश, गंज सोडवणारा स्प्रे, बाइंडिंग वायर, हायड्रॉलिक जॅक, दोन घोड्या आणि टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानेच नट आवळू देणारा पाना) लागतात. टॉर्क रेंच विकत घ्यायचा नसेल तर एका दिवसासाठी कुणाकडून तरी मागून आणा, पण त्याशिवाय काम करू नका. डोळ्यांवर चष्माही हवा. गाडीखाली आडवं पडून ब्रश मारला की गंजाचे कण सरळ डोळ्यात येतात.

गाडी उचलणं

इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण जॉइंट चुकला तर पुन्हा करता येतो, गाडी अंगावर आली तर काही करता येत नाही.

जागा सपाट आणि कडक हवी. पेव्हर ब्लॉक खचतात, डांबर उन्हात मऊ होतं, तेव्हा काँक्रीटची जागा शोधा. हँडब्रेक ओढा, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा, मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा आटा सैल करा. हवेत चाक फिरतं आणि नट सुटत नाही. मग गाडीच्या पुस्तिकेत दाखवलेल्या जागी जॅक लावून उचला आणि घोडी दाराखालच्या पट्टीवरच्या ठरलेल्या खाचेखाली ठेवा. दोन्ही बाजूंना घोडी, आणि जॅक हळूच सोडून वजन घोड्यांवर येऊ द्या.

नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका. विटांचा थर तर कधीच नको. वीट दिसायला भक्कम असते, पण आडव्या धक्क्याने एका क्षणात तिचा भुगा होतो. गाडी घोडीवर आली की बंपरला धरून चांगली हलवून बघा. पडायचीच असेल तर तुम्ही बाहेर असतानाच पडू दे. काढलेलं चाकही दाराखाली आडवं सरकवून ठेवा, शेवटचा आधार म्हणून.

जुना जॉइंट सोडवणं

एका वेळी एकच बाजू उघडा. काही अडलं की दुसऱ्या बाजूला जाऊन ‘हे मुळात कसं होतं’ ते बघता येतं. शिवाय उघडण्याआधी मोबाइलवर चार-पाच फोटो काढून ठेवा, बोल्ट कुठल्या बाजूने घातलाय हे त्यात दिसलं पाहिजे.

आदल्या रात्रीच सगळे नट-बोल्ट तारेच्या ब्रशने घासून त्यांवर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. सकाळी परत एकदा मारा. या एका गोष्टीने दिवसाचं काम दोन-तीन तासांवर येतं. मी पहिल्यांदा घाई केली, बारा कोनी गोटी लावून जोर दिला आणि आडव्या बोल्टचं डोकं गोल करून ठेवलं. ते काढायला संध्याकाळ गेली. म्हणून सहा कोनी गोटी.

स्विफ्टसारख्या गाडीत जॉइंटची दांडी नकलच्या भोकात जाते आणि एक आडवा बोल्ट ते भोक आवळून तिला धरतो. दांडीला बाजूने खाच असते आणि बोल्ट त्या खाचेतून जातो. त्यामुळे बोल्ट नुसता सैल करून भागत नाही, तो पूर्ण बाहेर आला पाहिजे. नट काढा, बोल्टच्या टोकावर पितळेचा किंवा लाकडाचा तुकडा ठेवून हलके ठोके देत बाहेर काढा. मग आवळणाऱ्या भोकाच्या फटीत चपट्या स्क्रू ड्रायव्हरचं टोक घालून फट जेमतेम उघडा. इथे दांडगाई नको. नकल ओतीव असतो, त्याचा कान (बोल्ट ज्यातून जातो ती बाजू) तुटला तर पूर्ण नकल बदलावा लागतो.

आता लांब टॉमीने आर्म खाली दाबा. दांडी भोकातून खाली निसटली पाहिजे. अडली तर पुन्हा स्प्रे मारा, चहा घेऊन या, मग नकलच्या बाजूने हातोड्याचे छोटे ठोके द्या. ठोका नकलवर, दांडीवर किंवा बुटावर नाही.

तुमच्या गाडीत आडव्या बोल्टऐवजी निमुळती दांडी आणि खाचांचा नट असेल तर आधी स्प्लिट पिन (नट फिरू नये म्हणून घातलेली पिन) काढा. नट पूर्ण काढू नका, दांडीच्या टोकापर्यंत आणून तिथेच ठेवा, म्हणजे जॉइंट अचानक सुटला तरी आर्म खाली उडणार नाही. मग पुलर (दांडी दाबून सोडवणारं हत्यार) लावा, किंवा नकलच्या कानावर बाजूने एक नेमका, जोरदार ठोका द्या. फटीत घालून ठोकायचं दुशाखी हत्यार मिळतं, पण ते बूट हमखास फाडतं. तोच जॉइंट टाकून द्यायचा असेल तर चालेल, एरवी नको.

दांडी सुटली की नकल मोकळा होतो आणि बाहेरच्या बाजूला झुकतो. त्याला लगेच बाइंडिंग वायरने स्ट्रटला बांधा. तो फार बाहेर ओढला गेला तर एक्सलचा आतला जॉइंट निसटतो, आणि ब्रेकचा पाइप आणि एबीएसची वायर ताणली जाते. नवख्या माणसाचं लक्ष आर्मवर असतं आणि नुकसान इकडे होतं.

यानंतर आर्मच्या आतल्या, गाडीकडच्या टोकाचे बोल्ट, म्हणजे पुढच्या बुशचा (आर्म गाडीला जोडणाऱ्या रबरी सांध्याचा) बोल्ट आणि मागच्या बुशचं ब्रॅकेट सोडा. मारुती ८०० सारख्या जुन्या गाड्यांत स्टॅबिलायझर बारचं टोक थेट आर्ममधून जातं, तिथे तोही नट काढावा लागतो. आर्म हाताला जड लागतो, शेवटचा बोल्ट काढताना खालून धरून ठेवा.

जुना आर्म बाजूला ठेवण्याआधी त्याची दांडी बोटाने फिरवून बघा. माझ्या जुन्या जॉइंटची दांडी सुपारी अडकित्त्यात सैल धरल्यासारखी लटलट करत होती. नव्याची फिरवायला मनगटाचा जोर लागतो. हा फरक हातात राहिला की पुढच्या वेळी तपासताना चूक होत नाही.

नवा बसवणं

नवा आणि जुना आर्म जमिनीवर शेजारी ठेवून लांबी, भोकं, दांडीची जाडी आणि खाच जुळवून बघा. नकलचं भोक तारेच्या ब्रशने आणि फडक्याने स्वच्छ करा. दांडीला किंवा भोकाला ग्रीस लावायचं नसतं, तिथे पकड हवी. नवा जॉइंट आतून भरून सीलबंद येतो, तो उघडून बघायचा मोह टाळा.

आधी आर्मची बुशकडची टोकं जागेवर नेऊन बोल्ट हाताने तीन-चार आटे फिरवा. हाताने फिरत नसेल तर आटे वाकडे धरताहेत, पान्याने रेटू नका, काढून पुन्हा लावा. मग दांडी नकलच्या भोकात पूर्ण वर सरकवा. खाच आणि बोल्टचं भोक समोरासमोर आलं की आडवा बोल्ट हाताने सहज आत जातो. जात नसेल तर दांडी पूर्ण वर बसलेली नाही. बोल्ट मूळच्याच बाजूने घाला, फोटो बघून. नवा नट लावा आणि गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला आवळा. निमुळत्या दांडीच्या नटात टॉर्क झाल्यावर स्प्लिट पिनचं भोक जुळलं नाही, तर नट थोडा आणखी आवळून जुळवा, सैल करून नाही. पिन नेहमी नवीच.

बुशचे बोल्ट मात्र आत्ता आवळायचे नाहीत. हे बऱ्याच मिस्त्रींनाही माहीत नसतं किंवा माहीत असून वेळ नसतो. चाक लटकत असताना आर्म खाली झुकलेला असतो. त्या अवस्थेत बुश आवळलं तर त्याचं रबर तिथेच घट्ट धरलं जातं, आणि गाडी खाली आल्यावर ते कायमचं पिळलेलं राहतं. सहा महिन्यांत चिरतं आणि लोक पार्टला शिव्या देतात. म्हणून आर्मच्या बाहेरच्या टोकाखाली, बूट सांभाळून, जॅक लावा आणि गाडी घोडीवरून जेमतेम उचलली जाईल असं वाटेपर्यंत वर घ्या. आर्म आता रस्त्यावर असतो तसा आडवा आला. याच अवस्थेत बुशचे बोल्ट टॉर्कला आवळा.

वायर सोडा, ब्रेकचा पाइप कुठे पिळला नाही ना ते बघा, चाक लावा. नट समोरासमोरच्या क्रमाने आवळा, आणि शेवटची आवळणी गाडी खाली उतरवल्यावर. छोट्या मारुती गाड्यांत मॉडेलप्रमाणे हा टॉर्क साधारण ८५ ते १०० न्यूटन मीटर असतो. आपल्या पुस्तिकेतला आकडाच धरा.

दुसरी बाजूही लगेच बदलायची का? तिचा बूट शाबूत असेल आणि प्ले नसेल तर गरज नाही. माझा उजवा जॉइंट मी ठेवला आणि तो अजून चांगला आहे. आर्मच्या बुशला चिरा दिसत असतील तर मात्र दोन्ही बाजू एकदमच करा.

गाडी बाहेर काढल्यावर

आधी सोसायटीतच दोन फेऱ्या मारा, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून आवाज ऐका, मग ब्रेक दाबून बघा. त्यानंतर सरळ अलाइनमेंटला जा, वाटेत दुसरीकडे कुठे नको. आर्म बदलला की चाकांचा टो (चाकांची पुढची टोकं किती आत-बाहेर वळलीत ते) बदलतो, आणि नुसतं ‘गाडी सरळ चालतेय’ म्हणून सोडून दिलं तर टायरची कड काही हजार किलोमीटरमध्ये खाल्ली जाते. अलाइनमेंटवाल्याला सांगा की लोअर आर्म बदललाय आणि आधीचे-नंतरचे आकडे कागदावर द्या. एका चाकाचा कॅम्बर (समोरून दिसणारा चाकाचा कल) दुसऱ्यापेक्षा बराच वेगळा दिसला आणि तुमची गाडी अलीकडे एखाद्या खड्ड्यात जोरात आपटली असेल, तर नकल किंवा स्ट्रट वाकलेला असण्याची शक्यता आहे. ते टो फिरवून झाकू देऊ नका.

साधारण शंभर किलोमीटर झाले की गाडी पुन्हा उचलून आडवा बोल्ट, बुशचे बोल्ट आणि चाकाचे नट टॉर्क रेंचने तपासा. मी पिंपळगाव बसवंतला दोनदा जाऊन आलो आणि तिसऱ्या रविवारी तपासलं. एकही नट हलला नाही. बुटावर साचलेली धूळ ओल्या फडक्याने पुसली, रबर चारी बाजूंनी बघितलं आणि चाक लावलं.